सोनीबाईचा बंधारा

मी नदीवर नोकरीला आहे असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या तोंडाकडे आणि मग माझ्या चपलांकडे बघायचा. मालाडच्या एका बँकेतल्या साहेबांनी तर सरळ विचारलं होतं, "म्हणजे होडी चालवता का?" मी म्हटलं, "नाही, माणसं चालवते." त्यांना ते कळलं नाही. खरं सांगायचं तर तेव्हा मलाही ते पुरतं कळलेलं नव्हतं.

आता निवृत्त झाले आहे. गुडघे कुरकुरतात, तरी पुलावरून रिक्षा गेली की मान आपोआप बाहेर वळते आणि पाण्याचा रंग बघितला जातो. रिक्षावाल्याला वाटतं बाईंना उलटी येतेय. तो रिक्षा बाजूला घेतो.

आमची नदी बोरिवलीच्या अंगाच्या डोंगरात उगवते. जंगलातून उतरते, वस्तीत शिरते, हायवेखालून आणि रुळांखालून वाट काढते आणि तिवरांमधून खाडीला मिळते. नाव मुद्दाम लिहीत नाही. उपनगरांत अशा तीन-चार नद्या आहेत, ज्याला जी जवळची वाटेल तिने काम भागेल. काठावरची बहुतेक माणसं तिला नालाच म्हणतात. नाव लिहिलं तर मी सांगणार आहे ती माणसं ओळखू येतील, आणि ती अजून तिथेच राहतात.

माझं पद होतं समन्वयक. एका लहान संस्थेत मी हे काम केलं. आमच्या कामात 'पाणलोट' हा शब्द फार येतो. त्याचा अर्थ सोपा आहे. ज्या ज्या जमिनीवर पडलेलं पाणी शेवटी या एका नदीत येतं, ती सगळी जमीन म्हणजे या नदीचा पाणलोट. त्यात जंगल येतं, पाडा येतो, तबेले येतात, बावीस मजली इमारती येतात आणि शेवटी कोळीवाडा येतो. नदी सुधारायची तर या सगळ्यांना एका खोलीत बसवावं लागतं. इंजिनियर, यंत्रं, नकाशे हे सगळं नंतरचं. एका खोलीत बसवणं हेच माझं काम. ही माणसं एकाच पाण्यावर राहतात, पण एरवी आयुष्यात एकमेकांचं तोंड बघत नाहीत.

बैठक काठावरच्या समाजमंदिरात व्हायची. पहिल्या काही बैठकींत नुसता कालवा. प्रत्येक जण आपल्या वरच्याकडे बोट दाखवायचा. कोळीवाडा म्हणायचा सोसायट्यांनी घाण केली, सोसायट्या म्हणायच्या तबेल्यांनी केली, तबेलेवाले डोंगराकडे बघायचे. मग मी एक नियम घातला. खुर्च्या नदीच्या क्रमाने मांडायच्या. दाराशी खाडी, आतल्या भिंतीशी जंगल, आणि बाकीचे आपापल्या जागी मधे. आणि बोलायला सुरुवात दारापासून. खालचा आधी बोलेल. वरच्याने आधी ऐकायचं आणि मग तोंड उघडायचं.

हा नियम मला कुठल्या प्रशिक्षणात मिळालेला नव्हता. तो आईच्या बोलण्यातून आला होता. आमचं मूळ गाव साताऱ्याकडचं. वडील घाटकोपरला आले आणि आम्ही इथलेच झालो. पण आई गावच्या नदीबद्दल सांगायची. वरच्या अंगाला मोठ्या घरांचा घाट, मग बाकी गावाचा, मग गुरांची जागा आणि सगळ्यांत खाली आमची माणसं. गुरांनी ढवळलेलं पाणी फडक्यातून गाळून भरायचं. आई हे रागाने सांगत नसे, त्यामुळे ते जास्त आत गेलं. म्हणून माझ्या बैठकीत खालचा आधी बोलणार, हे मी ठरवूनच टाकलं होतं. या नियमाचा मला अभिमान होता. दुसऱ्या नद्यांवर काम करणारे लोक तो बघायला यायचे, तेव्हा मी मुद्दाम नवी साडी नेसून जायचे.

या धंद्यातलं सगळ्यांत सोपं हत्यार म्हणजे रंग. इमारतीतल्या संडासाचं पाणी मलवाहिनीत जायला हवं. पण पुष्कळ ठिकाणी कुणीतरी कधीतरी ते पावसाच्या पाण्याच्या गटाराला जोडून मोकळं झालेलं असतं आणि ते गटार नदीत उतरतं. विचारलं तर कुणी कबूल होत नाही. मग अंगाला अपाय न करणारा एक हिरवा रंग संडासात टाकायचा, पाणी सोडायचं आणि एकाने नदीकाठी उभं राहून बघायचं.

सावंतांची आणि माझी ओळख अशीच झाली. सावंत शिवकृपा सोसायटीचे सेक्रेटरी. वडील कोकणातून गिरणीत आलेले, हे स्वतः अंधेरीच्या कारखान्यात सुपरवायझर होते. शर्टाच्या खिशात कायम टेस्टर. "आमची लाइन एकदम क्लीन आहे मॅडम. टाका तुमचा कलर, बिनधास्त टाका." आमचे सहकारी शिंदे वर गेले. रंग चमचाभर टाकायचा असतो. कमी पडला तर दिसणार नाही म्हणून शिंद्यांनी अख्खी बाटली ओतली. पाच मिनिटांत इमारतीच्या मागे नदी पोपटी झाली. सावंत कठड्याला धरून खाली बघत राहिले. शुद्ध मराठी बोलणारा हा माणूस एकदम मालवणीत शिरला, "हो रंग आमचो नाय!"

रंग सावंतांचाच होता आणि तो बाटलीभर असल्यामुळे थेट खाडीपर्यंत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी एक कोळीण आमच्या ऑफिसात आली आणि तिने मासळीची पाटी माझ्या टेबलावर ठेवली. "हा मावरा आता तूच खा गो बाय. हिरव्या पान्यातला बाजारान कोन घेनार?" ही पार्वतीबाई. तो मावरा आम्ही सगळ्यांनी वाटून घेतला आणि घरी नेऊन खाल्ला, कारण तसं केल्याशिवाय ती उठणार नव्हती. तिसऱ्या दिवशी आम्ही सगळे धडधाकट आहोत हे बघून गेली. पुढच्या बैठकीपासून दाराशेजारची पहिली खुर्ची तिची झाली. पहिल्याच बैठकीत तिने सावंतांना एवढंच विचारलं, "तुज्या घरातला पानी माज्या जाल्यान् येतंय, तुला झोप कशी येते रं?"  दिवाळीच्या आत सावंतांनी सोसायटीची लाइन नीट जोडून घेतली.

असं एकेकाला लाजवत, चहा पाजत, कधी भांडत काम पुढे सरकलं. तबेल्यांचं शेण खतासाठी जाऊ लागलं. एकामागून एक सोसायट्यांच्या लाइनी मलवाहिनीला जोडल्या गेल्या. शेवटचा मोठा पाइप बंद झाला त्या दिवशी आम्ही काठावर पेढे वाटले. वास गेला होता. संध्याकाळी लोक खिडक्या उघडू लागले. माझ्या नोकरीतला तो सगळ्यांत आनंदाचा दिवस होता.

आणि मग हिवाळा आला आणि नदी गेली.

गेली म्हणजे आटली. पूर्वी भर उन्हाळ्यातही तिच्यात पाणी असायचं. ते काळं असायचं, घाण असायचं, पण वाहायचं. आता डिसेंबर संपता संपता पात्रात नुसते दगड दिसू लागले. आम्ही बारा महिने जिला वाहताना बघत होतो ती नदी नव्हतीच, ते आमचं सांडपाणी होतं. ते काढून घेतल्यावर खाली नदी उरलीच नव्हती. या कामात ज्यांनी आयुष्य घालवलं त्यांनाच ही चूक करता येते. नदी इतकी स्वच्छ केली की ती शिल्लक राहिली नाही. शिंदे म्हणाले, "ऑपरेशन सक्सेसफुल, पेशंट खपला." 

कोरड्या पात्रात आधी राडारोडा पडला, मग टेम्पो उभे राहू लागले. मग एका स्थानिक पुढाऱ्याच्या डोक्यात आलं की पाणी नाहीच आहे तर वरून स्लॅब टाकू. वर गाड्या लावायची सोय, कडेला चालायला ट्रॅक. पावसाचं पाणी खालून जाईल. सोसायट्यांतल्या अर्ध्या लोकांना ते पटलंही. एकदा स्लॅब पडला की नदी संपते. ती पुन्हा कुणी उघडत नाही. मला जेवण जाईना.

स्लॅब थांबवायचा तर नदीत पाणी दिसायला हवं होतं. पाणी कुठे आहे, हा प्रश्न आल्यावर सगळ्यांच्या माना वर वळल्या. वर, जंगलाच्या कडेच्या पाड्यावर, सोनीबाईचा बंधारा होता.

सोनीबाई वारली समाजाची. तिचं घर आणि वाडी ओढ्याच्या काठावर. पाऊस संपला की घरातली माणसं दगड, माती आणि गोण्या रचून ओढा अडवायची. मागे कंबरभर पाणी साचायचं. त्या पाण्यावर वांगी, मिरची, मुळा, वाल, काकडी. पहाटे तोडलेली भाजी सोनीबाई बोरिवली स्टेशनबाहेर विकायची. मीही तिची गिऱ्हाईक होते. पाऊस आला की बंधारा वाहून जायचा आणि पुढच्या वर्षी पुन्हा रचला जायचा. नवरा होता तोवर नवरा रचायचा, नंतर मुलगा काशिनाथ.

बैठकीत तिची खुर्ची सगळ्यांत आत, भिंतीशी. नदीच्या क्रमाने ती सगळ्यांच्या वर, म्हणून सगळ्यांच्या शेवटी बोलायची. तिची पाळी येईपर्यंत चहा झालेला असायचा. लोक मोबाइल बघत असायचे, कुणी घड्याळाकडे बघून उठलेलंही असायचं. ती म्हणायची, "माझं काय नाय." आणि बैठक संपायची.

त्या हिवाळ्यात मात्र तिच्याकडे माणसं जाऊ लागली. सकाळी फिरायला येणारे बंधाऱ्यावर उभे राहून फोटो काढायचे. कुणीतरी ते सोसायट्यांच्या ग्रुपवर टाकले. खाली वाक्य, नदीचं पाणी इथे अडकलंय. मला भल्या माणसांचे फोन आले. "ताई, एका वाडीसाठी अख्खी नदी मारायची का?" पार्वतीबाईसुद्धा म्हणाली, "गोरं पानी खारीन् येत नाय गो. बोय यायचा बंद झाला." गोरं पाणी म्हणजे गोडं पाणी. ते आल्याशिवाय बोय हा मासा खाडीतून वर चढत नाही. तिचंही खोटं नव्हतं. मी काय करावं ते मला कळेना. नदी वाचवायची होती आणि त्यासाठी ज्या बाईची भाजी मी वर्षानुवर्षं खाल्ली तिला वाडी सोड म्हणायचं होतं.

बैठक बोलावली. इतकी गर्दी त्या हॉलने कधी बघितली नव्हती. सोनीबाई आली. ती नेहमीसारखी आत भिंतीकडे गेली नाही. दाराशी, पार्वतीबाईच्या शेजारी, रिकामी खुर्ची ओढून बसली.

सावंत म्हणाले, "सोनीबाई, तुमची जागा तिकडे आहे. आत."

"ठाव हाय. आज हितं बसते."

"अहो पण क्रम आहे ना..."

"या बाईंनीच सांगितलाय, खालचा आधी बोलतो." तिने पदर सावरला. आवाज चढवला नाही. "पान्यात मी वर हाय. बाकी कशात तुमच्या वर हाय, ते कुनी सांगा मला. सांगा आनि मग मी आत जाऊन बसते."

 मी समोर बसले होते. इतकी वर्षं अभिमानाने मांडलेल्या खुर्च्या माझ्याकडे बघत होत्या. आमच्या गावात जे वर होते ते सगळ्याच बाबतींत वर होते, म्हणून माझा हिशोब सोपा होता. इथे नदीच्या वरच्या टोकाला अशी बाई होती जिच्याकडे जमिनीचा कागदसुद्धा नव्हता. हे माझ्या लक्षात यायला तिला उठून जागा बदलावी लागली.

"रोज मानसं येतात," सोनीबाई म्हणाली. "माझ्या बंधाऱ्यावर उभी राहून बोलतात, हिच्यामुळे नदी मेली. मी तितंच मिरचीला पानी लावत असते. ऐकते. माझ्या नातीला शालेत बोलतात. हे मला नको. बंधारा सोडा म्हनता, सोडते. पन एक करायचं. तुमी सगळ्यांनी पान्यासंगं चालायचं. खाडीपरत. पोचलं पार्वतीबायपरत, तर पुन्ना बांधनार नाय. नाय पोचलं, तर मग मला कुनी बोलायचं नाय."

मी न राहवून म्हटलं, "सोनीबाई, वाडीचं काय?"

"वाडी जाईल," ती म्हणाली. "पानी गेल्यावर वाडी जानारच की."

माघातली सकाळ होती. बंधाऱ्यावर आम्ही बरेच जमलो होतो. काशिनाथ तोंड फिरवून उभा होता. आईने हाक मारल्यावर खाली उतरला आणि गोण्या ओढू लागला. वाडीत वांगी लागलेली होती. काकडीच्या वेलांना नुकती फुलं आली होती. पाणी आधी फटीतून आलं, मग दगड ढकलून आलं, आणि साचलेलं सगळं खाली निघालं.

पाण्याच्या तोंडाबरोबर चालणं मी तेव्हा पहिल्यांदाच केलं. ते धावत नाही. एखादा खड्डा आला की थांबतं, तो भरतं आणि मग कडेवरून पुढे डोकं काढतं. पुढे कोरडा पाला तरंगत जातो. सुरुवातीला सगळे खुशीत होते. कुणी व्हिडिओ काढत होतं, सावंत मधे येणारी प्लास्टिकं काठीने बाजूला सारत होते, "चल, चल, झकास!" असं पाण्याला म्हणत होते. पार्वतीबाई सगळ्यांच्या पुढे. मधेच वळून हाका मारायची, "येऊ दे, येऊ दे!" सोनीबाई मागून येत होती. तिलाही ते पोचायला हवं होतं, हे तिच्या चालण्यात दिसत होतं. वाडी द्यायचीच आहे तर ती फुकट जाऊ नये, एवढंच तिला वाटत असणार.

पहिला पूल गेला. सोसायट्यांच्या भिंती सुरू झाल्या. तिथून पाणी मंद होत गेलं. शिवकृपाच्या मागे पात्र रुंद होतं, खाली वाळू आणि खडी. तिथे ते पसरलं. पुढे जाईना. वाळू ओली होत होती, पण वर पाणी दिसत नव्हतं. आम्ही थांबलो. पायांखालची खडी वाजायची थांबली, तेव्हा भिंतीपलीकडचा आवाज ऐकू आला. बारीक, सलग घरघर. तशीच आणखी एक पलीकडच्या इमारतीतून.

इमारतींमधून बोअर आहेत. त्या जमिनीखालचं पाणी उपसतात, बागेला, गाड्या धुवायला, संडासाला. खालचं पाणी उपसून इतकं खोल गेलं होतं की वरून आलेलं सगळं वाळू गिळत होती. हे आमच्या आधीच ध्यानात यायला हवं होतं. पण आम्ही आयुष्यभर नदीत काय येतं तेच बघत आलो होतो. नदीतून काय जातं ते बघितलंच नव्हतं.

सावंतांनी टेस्टर खिशातून काढला आणि परत ठेवला. मग म्हणाले, "आमचीच मोटर आसा ती."

सोनीबाई ओल्या वाळूशी उकिडवी बसली. तिने हात वाळूवर ठेवला. "हितपरतच?" तिने विचारलं, आणि तिचा आवाज फाटला. मी तिला रडताना त्याआधी बघितलं नव्हतं. पार्वतीबाई पुढे गेलेली परत आली आणि तिच्या शेजारी बसली. तिने सोनीबाईच्या पाठीवर हात ठेवला. "माज्यापरत आला नाय गो तुजा पानी," म्हणाली. "मधीच पिऊन टाकला."

पुढचं काम सावंतांनी केलं. मी त्यात फारशी नव्हते. सोसायटीच्या सभेत त्यांना पुष्कळ ऐकून घ्यावं लागलं. संडासाला पाणी कुठून आणायचं, हा लोकांचा प्रश्न बरोबरच होता. सावंतांनी तेवढ्यापुरती बोअर ठेवली, बागेची आणि गाड्यांची बंद करायला लावली. पावसाचं पाणी जमिनीत मुरवायला खड्डे घेतले. सोसायटीतले लोक त्यांना 'नदीवाले' म्हणून चिडवायचे. ते म्हणायचे, "म्हणा. नालावाले म्हणण्यापेक्षा बरं." त्यांचं बघून शेजारच्या सोसायट्या आल्या. काही आल्या नाहीत, अजूनही नाहीत. पण पाऊस होऊन गेल्यावर पुढच्या हिवाळ्यात शिवकृपाच्या मागे पाणी होतं. बारीक, घोट्याइतकं, पण होतं, आणि ते पुढे जात होतं. होळीच्या सुमाराला पार्वतीबाईचा निरोप आला, बोय वर चढलाय. स्लॅबचं बोलणं मागे पडलं. बाहेरगावचे पाहुणे आमचं काम बघायला येऊ लागले. भाषणांत आमच्या भागीदारीचं कौतुक झालं, सगळ्यांनी थोडं थोडं सोडलं असं म्हटलं गेलं. मी व्यासपीठावर बसून ते ऐकलं.

सगळ्यांनी थोडं थोडं सोडलं हे खरं नव्हतं. ज्या माघात आम्ही पाण्याबरोबर चाललो तेव्हा साचलेलं सगळं वाळूत गेलं, बंधारा पुन्हा भरेल एवढी धार ओढ्याला उरली नव्हती, आणि पंधरवड्यात वाडी वाळली. वांगी झाडावर सुरकुतली. काशिनाथने मालाडला एका ऑफिसच्या इमारतीत वॉचमनची नोकरी धरली, बारा तासांची ड्युटी. सून टॉवरमध्ये घरकामाला जाऊ लागली. पुढचा पाऊस संपला तेव्हा बंधारा रचायला घरात माणूस नव्हतं. पाणी कुणी न अडवल्यामुळे खाली आलं. आमच्या यशात तेही पाणी होतं.

मी हे सावंतांना सांगितलं. ते मग म्हणाले, "ताई, आपण फोडला ना, मग आपणच बांधूया. अर्धं पाणी तिला, अर्धं नदीला. मधे वाट ठेवू." त्या वर्षीचा पाऊस संपल्यावर एका रविवारी ते सोसायट्यांतली माणसं घेऊन आले. हातमोजे, टोप्या, डब्यांत पोहे. सावंतांनी दोरी लावून सरळ रेघ आखली. लोकांनी मनापासून काम केलं. ज्यांनी तिचे फोटो टाकले होते त्यातलेही काही जण होते आणि तेच सगळ्यांत जास्त राबले. दुपारपर्यंत बंधारा उभा राहिला. सोनीबाईने सगळ्यांना कोरा चहा दिला. सावंतांनी तिला हात जोडले, तिने त्यांना जोडले. निघताना ते नाक शिंकरत होते.

मी मागे थांबले. बंधाऱ्यामागे पाणी चढत होतं. आम्ही दोघी काठावर बसलो.

"चांगला बांधला," सोनीबाई म्हणाली. "काशाच्या बापाला इतका सरळ कदी जमला नाय."

"आता वाडी करा पुन्हा," मी म्हटलं.

"कुनी करायची?"

मी तिच्या घराच्या दाराकडे बघितलं.

"काशाला आता दर म्हयन्याला पगार येतो. सुनेला येतो. ते परत मातीत हात घालनार नाय, आनि मी घाला म्हननार नाय. त्यांचं चुकलं नाय काय." तिने हात पुढे करून मला दाखवले, बोटं वाकडी झाली होती. "माझ्यानं एकलीनं खनवत नाय."

"मग मघाशी सांगितलं का नाही? एवढी माणसं राबली."

"त्यांना बांधायचा व्हता गं. त्यांच्या मनाला लागलं व्हतं. बांधला, आता त्यांना बरं वाटंल." ती उठली. लुगडं खोचलं आणि पाण्यात उतरली. "वाडी नाय तर पानी अडवून काय करू? उगा खाली कुनाचं तरी अडंल." आणि तिने कडेचा एक दगड उपसला.

मी तिला थांबवायला काय बोलणार होते?  मीही खाली उतरले आणि दुसऱ्या बाजूचा दगड धरला. पाणी गार होतं, स्वच्छ होतं. या पाण्यासाठी मी आयुष्यभर दारोदार फिरले होते, माणसांचे पाय धरले होते, भांडले होते. आता ते माझ्या पायांवरून खाली निघालं होतं, आणि मला ते दोन्ही हातांनी अडवून धरावंसं वाटत होतं.

सोनीबाईने पुढचा दगड काढला.